पेटीतला कायदा आणि हलगीवाल्याची बायको

"फितूर! बोल, कुणाकुणाला सांगितलंस?" चंद्रकोटचा राजा भानुदेव असा काही ओरडला की चवरी ढाळणाऱ्याच्या हातून चवरीच निसटली.

समोर सटवाजी हात जोडून उभा होता. गावात हलगी वाजवून राजाचे कायदे सांगायचे, हे त्याचं काम. पण या खेपेला राजाने मिठावर कर बसवला आणि दवंडी व्हायच्या आधीच मीठवाल्यांनी साऱ्या गोण्या गायब केल्या! राजाच्या शिपायांनी पेठ पालथी घातली, तर हाती चिमूटभरही मीठ लागलं नाही.

"दवंडीआधी कायदा दोघांनाच ठाऊक असतो," राजा गरजला. "मला आणि तुला. मी तर सांगितला नाही!"

"महाराज, मी बायकोलासुद्धा सांगितला नाही हो!"

"अगदी खरं!" गर्दीतून आवाज आला. सटवाजीची बायको गोजरा कोपराने माणसं बाजूला सारत पुढे आली. "हे मला काहीच सांगत नाहीत. परवा यांच्या पायात काटा मोडला, तोसुद्धा मला शेजारणीकडून कळला! महाराज, कायदा कळायला फितूर कशाला लागतो? तो कुणी न सांगताही कळतो."

"असं म्हणतेस?" राजाने मिशीला पीळ दिला. "मग ऐक. काल मी एक नवा कायदा माझ्या हाताने लिहून या पेटीत ठेवलाय. किल्ली माझ्या कमरेला. राणीसाहेबांनाही पत्ता नाही. तीन दिवसांत तो काय आहे ते सांग, की नवरा तुझा. नाही सांगितलास, तर फितुराची गाढवावरून धिंड आणि तिथून थेट राज्याबाहेर!"

सटवाजीची रवानगी कोठडीत झाली. गोजरा वाड्याबाहेर आली. बोलून तर बसले, आता काय करू? नवरा किडकिडीत, विसरभोळा, पण तिचा जीव होता त्याच्यावर. तो गेला तर घर खायला उठलं असतं.

पायरीवर बसून तिने जरा रडून घेतलं. मग पदराने नाक पुसलं आणि विचार करू लागली. राजा बसतो वाड्यात. गावात काय चाललंय हे त्याला कुठून कळणार? कायदा करायचा तर आधी कुणाला तरी विचारायलाच हवं! आणि वाड्यातून चिठ्ठी बाहेर जाते तिची नोंद कुठे तरी होतेच की!

ती तडक वाड्याच्या दप्तरखान्यात गेली. दप्तरदार अंताजीपंत भल्यामोठ्या वहीवर डोकं ठेवून घोरत होते.

"पंत, वाड्यातून कुणाला काय पत्रं गेली ती वही ऐकायचीय. मनाई आहे का?"

"मनाई?" पंत धडपडत उठले. "थोरल्या महाराजांचा हुकूमच आहे, कुणीही यावं आणि वही ऐकावी! पण तीस वर्षांत एक चिटपाखरू फिरकलं नाही गं! बस, बस! अगदी पहिल्या पानापासून वाचतो!"

"पंत, तेवढ्यात म्हातारी होईन मी. याच महिन्याचं वाचा."

पंत हिरमुसले, पण वाचू लागले. एक पत्र राणीसाहेबांच्या लोणच्याच्या कैऱ्यांसाठी. एक राजाच्या मेव्हण्याला, 'येताना माणसं कमी आणावीत.' आणि एक वहाणा करणाऱ्यांच्या पेठेत, त्यांच्या पुढाऱ्याला, रायबाला.

"मीठवाल्यांनाही गेलं होतं का हो पत्र?"

"गेलं होतं की! मागच्याच महिन्यात. गोण्या किती आहेत म्हणून."

गोजरा उठली आणि पळतच पेठेत पोचली. रायबाच्या दुकानात दहा माणसं खाली मान घालून नव्याकोऱ्या वहाणा उसवत होती.

"काय हो भावजी, चांगल्या वहाणा उसवताय?"

"काय सांगू वैनी! चालताना कर्रकर्र वाजावं म्हणून तळात बी घालतो ना, ते काढतोय. वाड्यातून पत्र आलं. वाजणाऱ्या वहाणा गावात किती, आणि भर दुपारी त्या घालून कोण हिंडतं! मीठवाल्यांना असंच पत्र आलं होतं. सरकार मोजायला लागलं की आपण आवरायला लागायचं, एवढं कळतं आम्हाला!"

तिसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. दाराशी गाढवही आणून उभं केलं होतं. सटवाजी त्याच्याकडे बघायचंच टाळत होता.

"बोल! काय आहे पेटीत?"

"दुपारच्या वेळी वाजणाऱ्या वहाणा घालायला बंदी, महाराज! आपली झोप मोडते ना!"

राजाने पेटी उघडली. कागद बघितला. पुन्हा बघितला. मग लालबुंद होऊन ओरडला, "कुणी सांगितलं? नाव सांग! आत्ताच्या आत्ता गाढवावर बसवतो त्याला!"

"नाव सांगायची भीती वाटते, महाराज. फार बडी असामी आहे."

"कितीही बडी असो! मी शब्द देतो!"

"मग आपणच, महाराज! मीठवाल्यांना मीठ किती ते आपणच विचारलंत, वहाणांचंही आपणच. सहीशिक्क्यानिशी! वर पंतांच्या वहीत नोंद. माझ्या नवऱ्याने हलगीला हात लावायच्या आधी आपली दवंडी पेठेत पोचलेली असते!"

प्रधान गाढवाकडे बघू लागला, मग राजाकडे, मग एकदम छताकडे.

राजाचे ओठ थरथरले. आणि मग तो असा हसत सुटला की मुकुट कानावर आला! "सोडा रे सटवाजीला! आणि ते गाढव आधी न्या इथून, शब्द देऊन बसलोय मी! माग गोजरे, काय हवं ते माग!"

"दर बाजाराच्या दिवशी यांनी हलगी वाजवून पंतांची वही सगळ्यांना ऐकवावी. व्यापाऱ्यांना आधी कळतं, तसं भाजीवालीलाही कळू दे की!"

"दिलं! वर सोन्याची पाटली आणि सटवाजीला दुप्पट पगार!" राजाने डोळे पुसले आणि कागदाकडे बघून सुस्कारा सोडला. "पण माझ्या झोपेचं काय गं?"

"कानात कापूस घाला, महाराज. त्याला कायदा कशाला लागतो?"

राजा पोट धरधरून हसला. त्याने कायदा टराटरा फाडला आणि कापसाचे बोळे मागवले. पाटलीच्या जोडीला त्याने स्वतःच्या हातातलं कडंही तिथल्या तिथे काढून गोजराला दिलं.