थांबणारी घोडी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगर आताएवढेच उंच होते, वाटा मात्र फारच कमी. अशाच एका डोंगरावर सात वाड्या होत्या आणि साती वाड्यांत मिळून सुईण एकच. लहानथोर सगळे तिला सुईणबाई म्हणत. निम्म्याअधिक वाडीकरांनी पहिला टाहो तिच्याच हातांत फोडलेला.

पण वय कुणाला सोडतं? सुईणबाईचे गुडघे कुरकुरू लागले. गेल्या साली वरच्या वाडीची चढण चढताना तिला उशीर झाला. आई वाचली, लेकरू गेलं. त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना.

वाडीकर मोठ्या मनाचे. कुणी बोल लावला नाही. उलट सगळे जमून म्हणाले, "बाई, आमच्यासाठी जन्मभर चाललात, आता घोड्यावर बसा. घरटी पायलीभर नाचणी काढतो आम्ही. पायथ्याच्या तबेल्यातून वर्षभराच्या भाड्यानं मनाजोगता घोडा आणा."

सुईणबाईचे डोळे भरून आले. "अरे बाबांनो, तुमच्या पोटातला घास काढून देताय," ती म्हणाली, "घोडा पारखूनच आणीन."

पारख होती तिला. तिचा बाप तट्टांवरून मीठ वाहायचा. तिचं बालपण तट्टांच्या पाठीवरच गेलेलं.

तबेल्याचा मालक बोलका माणूस. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिनं सुईणबाईला गूळपाणी दिलं, आणि मालकानं दोन घोडे पुढे आणले.

"हा तांबडा बघा, वाऱ्याशी पैज लावेल! आणि हा पांढरा, राजाच्या स्वारीत शोभेल!"

सुईणबाईनं तांबड्यावर बसून एक फेरी मारली. मग खाली उतरली, लगाम त्याच्या मानेवर टाकला, आंब्याखाली जाऊन बसली आणि शिदोरी सोडून भाकरी खाऊ लागली.

तांबड्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सरळ हरभऱ्याच्या शेताची वाट धरली. मग पांढऱ्याचाही लगाम तसाच सोडला. तो जरा वेळ थांबला, पण हौदावर एक घोडी दिसताच खिंकाळत निघाला. नोकरांची पळापळ झाली.

मालक वैतागला. "बाई, घोडा घ्यायला आलात की न्याहारीला?"

"घोड्यालाच आले, दादा. पण बाळ काही घोड्याच्या सोयीनं येत नाही. मी एकदा आत गेले की कधी बाहेर येईन सांगता येत नाही. तोवर दाराशी थांबेल असं जनावर हवं मला."

मालक खो खो हसला. "मग ती कोपऱ्यातली मातकट घोडी न्या! आम्ही तिला खुंटीच म्हणतो. उभी केली की उभीच. ना शर्यतीची, ना मिरवणुकीची. कुणी भाड्यानं नेत नाही तिला."

सुईणबाई तिच्यावर बसली. घोडी बेताच्या चालीनं, दगडधोंड्यांत पाय जपून टाकत फिरून आली. मग पुन्हा तेच. लगाम मानेवर आणि बाई आंब्याखाली. भाकरी संपली, पाणी पिऊन झालं, एक डुलकीही झाली. डोळे उघडले तर सावली सरकली होती, घोडी जागची हलली नव्हती. कान तेवढे बाईकडे वळलेले.

सुईणबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला. "थांबलीस गं बाई!"

"हसं होईल तुमचं," मालक म्हणाला.

"होऊ दे की!"

आणि झालंच हसं थोडं. पण घरोघरी आत कळा चालायच्या आणि बाहेर घोडी उभी असायची. थकून बाहेर आली की सुईणबाई तिच्या कपाळावर हात ठेवून तेच म्हणायची, 'थांबलीस गं बाई!' बारशाच्या घुगऱ्या वाटल्या जात, तेव्हा पहिली मूठ ती घोडीलाच भरवायची.

दोन महिने गेले. वरच्या वाडीत, गेल्या साली लेकरू गमावलेल्या त्याच आईला मुलगी झाली, ठणठणीत! सुईणबाई हात धूत होती, एवढ्यात तबेल्याचा मालक तांबड्यावरून भरधाव आला. उडी टाकून आत धावला.

"बाई, चला! सकाळपासून माझी लेक अडलीय. बाळ आडवं आलंय म्हणतात."

सुईणबाईनं बोचकं उचललं. दोघं बाहेर येऊन बघतात, तर तांबडा कुठाय? घाईत मालकानं त्याला बांधलंच नव्हतं. गडी खालच्या वळणावरून आपल्या गव्हाणीकडे सुसाट निघालेला.

मालकानं कपाळाला हात लावला. "मेलो! आता कसं व्हायचं?"

अंगणात मातकट घोडी तेवढी उभी होती, आदल्या दिवशी उभी केली होती तिथंच. मालकाची मान खाली गेली.

"तुम्ही मागनं या," असं म्हणून सुईणबाई घोडीवर बसली आणि निघालीसुद्धा.

मालक धावत, ठेचकाळत घरी पोचला तेव्हा दिवस कलला होता. दाराशी घोडी उभी. आतून काहीच आवाज नाही. त्याचे पाय उंबऱ्याकडे वळेनात. तो घोडीच्या मानेला धरून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो नुसता थांबला होता, आणि थांबणं किती अवघड असतं ते त्याला तेव्हा कळलं.

मग आतून टाहो ऐकू आला. पाठोपाठ सुईणबाईचा आवाज, "दादा, नातू झाला. लेकही सुखरूप आहे."

मालकाला रडू आवरेना. त्यानं घोडीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "थांबलीस गं बाई!"

बारशाच्या दिवशी घुगऱ्यांची पहिली मूठ त्यानं स्वतःच्या हातानं घोडीला भरवली. वाड्यांची नाचणी वाड्यांना परत धाडली आणि सुईणबाईपुढे हात जोडले. "भाडं कसलं घेऊ? ही घोडी आता तुमचीच."

म्हणून सांगतो, लेकरांनो, पळणारे पुष्कळ भेटतात, पण आपल्यासाठी जो थांबतो, त्याचे उपकार कधी विसरू नयेत.