दादाच्या लाल गाडीची किल्ली

एक होता खुटू. खुटू म्हणजे उंदराचं पिल्लू. एवढंसं नाक, एवढीशी शेपटी.

खुटूच्या दादाची होती लाल गाडी. बाजाराच्या दिवशी दादा गाडी काढायचा. पों पों! आईला आणायला जायचा. आई हसायची. म्हणायची, "आला गं बाई माझा ड्रायव्हर!"

आता दादा नाही. दादा परत येणार नाही. गाडी नुसती उभी.

आज बाजार. आई तिकडे थांबलीय. शेंगांची पाटी जड. घरी कोण आणणार?

"मी आणणार!" खुटू म्हणाला. "त्यात काय!"

धाकट्या बहिणी मागे बसल्या. इटू आणि पिटू. खुटूने किल्ली लावली.

खट्. खट्. फिरेना!

"तेल घाल, तेल!" इटू म्हणाली.

खुटूने घातलं. डोक्याचं खोबरेल तेल. अख्खी बाटली. बुळुक बुळुक! तेलाला चिकटली धूळ. किल्ली आणखीच अडली.

"किल्लीताई, किल्लीताई, फिर ना!"

"ईई! माझी काय वेणी घालायचीय? पूस आधी ते तेल!"

खुटूने किल्लीच्या भोकात शेपटी घातली. फुसुक फुसुक पुसलं.

"आता पेन्सिलीची काळी भुकटी आण. मग फिरते."

"त्यात काय! आत्ता आणतो."

तुरु तुरु तुरु. खुटू गेला सुतारकाकांकडे. काका झोपलेले. घुर्रर्र! त्यांच्या कानावर पेन्सिल.

"पेन्सिलमावशी, भुकटी दे ना!"

"कशाला रे?"

"किल्ली काही फिरेना,
गाडी काही निघेना,
आई घरी येईना!"

"चाकूला सांग, मला तास. मग देते."

"त्यात काय!"

तुरु तुरु तुरु. काकांच्या पेटीत चाकू.

"चाकूभाऊ, पेन्सिल तास ना!"

"कशाला रे?"

"पेन्सिल भुकटी देईना,
किल्ली काही फिरेना,
गाडी काही निघेना,
आई घरी येईना!"

"मला धार नाही. दगडाला सांग, धार लाव. मग तासतो."

"त्यात काय!"

तुरु तुरु तुरु. दारात धारेचा दगड.

"दगडआजोबा, धार लावा ना!"

"कशाला रे?"

"चाकू पेन्सिल तासेना,
पेन्सिल भुकटी देईना,
किल्ली काही फिरेना,
गाडी काही निघेना,
आई घरी येईना!"

"मी कोरडा ठाक. हापशाला सांग, पाणी दे. मग लावतो."

"त्यात काय!"

तुरु तुरु तुरु. अंगणात हापसा. उंचच उंच.

"हापसेकाका, पाणी द्या ना!"

"कशाला रे?"

"दगड धार लावेना,
चाकू पेन्सिल तासेना,
पेन्सिल भुकटी देईना,
किल्ली काही फिरेना,
गाडी काही निघेना,
आई घरी येईना!"

"देतो की! पण दांडा कोण दाबणार? तू? एवढासा?"

"त्यात काय!"

टुणुक! खुटू दांड्याला लटकला. दांडा हलेना. टुणुक! हलेना.

मग त्याला आठवलं. गाडी चिखलात रुतली की दादा काय करायचा? जोरात ओरडायचा!

खुटू ओरडला, अगदी दादासारखा. "या रे या, सगळे या! होईय्या!"

इटू आली. पिटू आली. खुटूला लटकली इटू. इटूला लटकली पिटू.

"होईय्या!"

कर्रर्र! दांडा खाली. भळाभळा पाणी!

हापशाने दिलं पाणी. चुळुक चुळुक!
दगडाने लावली धार. खस्स खस्स!
चाकूने तासली पेन्सिल. करकर करकर!
पेन्सिलीने दिली भुकटी. भुरुभुरु!

सुतारकाका? घुर्रर्र!

खुटूने किल्लीला भुकटी फासली. किल्ली काळी, खुटू काळा, इटू-पिटूची नाकं काळी. किल्ली भोकात घातली.

खट्... खटॅक! फिरली!

घुर्र घुर्र घुर्र. लाल गाडी निघाली.

बाजारात आई वाट बघत होती. लांबून आवाज आला.

पों पों!

आईचे कान ताठ झाले. तिने पाटी खाली ठेवली. लाल गाडी दिसली. स्टिअरिंगमागे दिसलं एवढंसं काळं नाक.

आई बघतच राहिली. मग हसली. डोळे पुसले आणि पुन्हा हसली.

"आला गं बाई माझा ड्रायव्हर!"

"मग!" खुटू म्हणाला. "बस, आई."

पों पों!