तसबिरीला पाठ

राष्ट्राध्यक्षांच्या तसबिरीला पाठ दाखवायची नाही, दाखवली तर तुरुंग. आफ्रिकेतल्या त्या देशात आकोफाला हे बोलायला यायच्या आधीपासून शिकवलं होतं. 'का' म्हणून विचारायचं नाही, हेही बजावलं होतं.

निवडणुका घ्या म्हणाले म्हणून कोमला मास्तरांना पोलिसांनी उचललं, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या आकोफाने अख्खा बाजार ठाण्यासमोर आणून उभा केला. ठाण्याच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची तसबीर होती. तिच्याखाली उभा राहून फौजदार गरजला, "पाठ फिरवा आणि घरी चालू लागा! नाहीतर लाठ्या पडतील!"

"पाठ फिरवली तर तुम्हीच आत टाकाल, साहेब," आकोफा म्हणाली. "आणि तुमची स्वतःची पाठ आत्ता कुणीकडे आहे?"

फौजदार दचकून गर्रकन वळला. त्याचं पाहून शिपाईही वळले. आता लाठ्या होत्या, पण सगळ्यांची तोंडं भिंतीकडे! बाजारातल्या बायका पोट धरून हसू लागल्या.

"अरे, कोणी समजवा या कार्टीला!" फौजदार भिंतीकडे बघतच ओरडला.

गावातले म्हातारे लगबगीने पुढे आले. "पोरी, हट्ट सोड. आम्ही तीस वर्षं करतो तसं कर. तोंड तसबिरीकडे ठेव आणि उलट्या पावलांनी घरी चल."

"तीस वर्षं उलटे चाललात, आजोबा, म्हणून आपण कुठे चाललोय ते कुणालाच दिसलं नाही. मी नाही चालणार. मास्तर बाहेर येईपर्यंत मी इथेच उभी आहे."