तिन्हीसांजेचं वाटीभर तेल

"विजेचा दर उद्यापासून दुप्पट होऽऽ!"

धारवडी संस्थानात दवंडी पिटली आणि गजराबाई गिरणीवालीच्या हातून पिठाचा डबाच सुटला. दुप्पट दराने दळण कोण दळून घेणार? बायका पुन्हा जात्यावर बसणार आणि तिच्या गिरणीला कुलूप लागणार!

ती तडक दरबारात गेली. "सरकार, धबधब्याचं पाणी महागलं व्हय?"

"पाणी नव्हे, तेल महागलं!" राजे हैबतराव गुरगुरले. "संध्याकाळी धबधब्याची वीज पुरत नाही. मग तेलाचं इंजिन लावावं लागतं. त्याचा खर्च काय तुझा बाप देणार?"

वीज का पुरत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. संस्थानात वीज आली ती तिन्हीसांजेच्या मुहूर्तावर. तेव्हापासून राजांनी डोक्यात घेतलं, की यंत्र सुरू करायचं ते दिवेलागणीलाच! गावात दिवे लागले रे लागले, की राजवाड्यात कारंज्याचा पंप आणि बर्फाचं यंत्र एकदम घरघरू लागत. दिवसभर मात्र धबधबा फुकट कोसळायचा. पण राजांना सांगणार कोण?

गजराबाईने सांगितलं!

"मुहूर्त मोडायला सांगतेस?" राजे कडाडले. "ठीक! दर खाली आणून दाखव. पण गावातला एक दिवा विझायचा नाही, माझं एक यंत्र बंद पडायचं नाही, आणि तिन्हीसांजेला कारंजं उडालंच पाहिजे! जमलं नाही तर गिरणी सरकारजमा!"

दरबारी मिशीतल्या मिशीत हसले. गजराबाईसुद्धा हसली, पण पदराआड.

दुसऱ्या दिवशी ऐन दिवेलागणीला बाई वाड्यावर हजर! हातात वाटी.

"सरकार, वाटीभर तेल द्या की उसनं."

राजे ताडकन उठले. "भान आहे का तुला? तिन्हीसांजेला घरातलं तेल बाहेर दिलं, तर मागोमाग लक्ष्मी निघून जाते! आमच्या सात पिढ्यांत कुणी दिलं नाही!"

"मग त्यो कोण हाय?" गजराबाईने खिडकीबाहेर बोट दाखवलं. तिकडे इंजिन धकधक करत धूर सोडत होतं. "म्या वाटीभर मागितलं तर लक्ष्मी जाती. त्यो रोज ह्याच वक्ताला पिंपभर पितोय, त्याला कुणी हटकत न्हाई!"

राजे खिडकीकडे धावले. तिथूनच ओरडले, "बंद करा ते इंजिन! आधी बंद करा! पण... माझं कारंजं?"

"दुपारी पंप लावून गच्चीवरची टाकी भरा. तिन्हीसांजेला नुसता नळ सोडा, कारंजं आपसूक उडंल. बर्फबी दुपारीच करा, सांजच्याला सरबतात टाका. दिवा इझला न्हाई, यंत्र बंद पडलं न्हाई, आन् कारंज्याचा मुहूर्तबी ऱ्हायला!"

राजे खो खो हसू लागले. "शाबास! जुना दर कायम. आता बक्षीस म्हणून तुझ्या गिरणीच्या विजेचा हिशेब तू म्हणशील तसा. महिन्याचा ठरावीक आकार लावू, की मीटरप्रमाणे?"

"मीटरच लावा. पर दुपारी पाणी वाया जातंय न्हवं? त्या वक्ताची वीज समद्यांना अर्ध्या दरानं द्या."

राजांनी डोळे बारीक केले. "आणि तुझी गिरणी कधी चालते गं?"

"दुपारीच की! तिन्हीसांजेला दळण घिऊन कोण येतंय, सरकार?"

राजे इतके हसले, की पगडी घरंगळली. अर्धा दर तिथल्या तिथे मंजूर झाला. आणि गजराबाई विसरून गेलेली ती वाटी? राजांनी ती काठोकाठ तेलाने भरून, सोबत लुगडं-चोळी देऊन तिच्या घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी, भर दुपारी!