डाव्या डिस्कचा हट्ट

घाटाच्या माथ्यावर दस्तगीर मिस्त्रींचं गॅरेज होतं, तेव्हाची गोष्ट. एक छोटी, लाल, वाऱ्याशी शर्यत लावणारी गाडी तिथं आली. तिच्या पुढच्या उजव्या चाकातली ब्रेकची डिस्क झिजून पातळ झाली होती.

"मिस्त्री, ती चकाकणारी, भोकाभोकांची डिस्क उजवीकडे बसवा," गाडी तोऱ्यात म्हणाली. "डावी अजून ठणठणीत आहे."

"मलाही काढा," डावी डिस्क म्हणाली.

"वेडी का काय तू? अजून वर्षभर सहज चालशील!"

"चालेन की. पण नवी करकचून धरेल आणि मी माझ्या जुन्या सवयीनं. ब्रेक लागला की तू उजवीकडे ओढली जाशील. घाट उतरताना दरी उजवीकडेच आहे."

गाडीनं खूप मनधरणी केली, पण डावी बधली नाही. मिस्त्रींनी पाना उचलला. "तिचंच खरं आहे. भोकांची एकच आहे माझ्याकडे, साध्या दोन आहेत. साध्याच बसवतो."

गाडी फुरंगटूनच निघाली. घाट उतरताना वळणावर अचानक म्हैस आडवी आली. गाडीनं कचकन ब्रेक मारला आणि ती सरळ रेषेत थांबली.

म्हैस सावकाश निघून गेली. गाडीनं उजवीकडे पाहिलं. चाकापासून दरी वीतभर लांब होती.