पाडसाची दुहेरी रजा

सात कड्यांच्या एका जंगलात भेकराचं एक पाडस राहत होतं, आणि ते सायकल चालवायचं. हसू नका बाळांनो, तुम्हीही चालवताच की! फरक इतकाच, की तुम्ही गल्लीत चालवता आणि हे बेटं दगडधोंडे चुकवत कड्याच्या उतारावरून सुसाट खाली यायचं. डोंगरसायकलींच्या मोठ्या शर्यतीसाठी घोरपडताई काही निवडक पिल्लांना तयार करत होत्या. त्यांत हे सर्वांत पुढे.

आता सायकल आली म्हणून शाळा काही चुकत नाही. पहाटे चढाचा सराव, दिवसभर साळिंदर गुरुजींचे पाढे, संध्याकाळी पुन्हा उतार. पाडस अगदी मेटाकुटीला आलं. पण सगळं जंगल "शाब्बास रे पाडसा!" म्हणत असताना "मी दमलोय" कसं म्हणायचं? त्याला लाज वाटली. मग एके दिवशी ते म्हणालं, "गुरुजी, उद्या ताईंनी जादा सरावाला बोलावलंय." गुरुजी म्हणाले, "जा बाळा, जंगलाचं नाव काढ!" तिकडे ताईंना त्यानं सांगितलं, "ताई, उद्या परीक्षा आहे." ताईंना स्वतःला अक्षर येत नव्हतं, म्हणून परीक्षेचा त्यांना भारी मान. "आधी परीक्षा, मग सायकल!" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाडसानं करवंदीच्या जाळीत सायकल लपवली, पोटभर करवंदं खाल्ली आणि मस्त ताणून दिली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना? हा पाहुणा तिसऱ्याच घरी जेवून आला! आणि चटक लागली की लागलीच. पुढे दर थोड्या दिवसांनी ताईंचा जादा सराव आणि गुरुजींची परीक्षा एकदमच यायला लागली.

शर्यत जवळ आली. गुरुजींना वाटलं, पोर एवढं राबतंय, आपण एकदाही बघायला गेलो नाही. म्हणून पाडसानं पुन्हा रजा घेतली त्या दिवशी ते सगळा वर्ग घेऊन उतारावर हजर झाले.

"अगबाई, गुरुजी! आज परीक्षा ना तुमची?" ताईंनी विचारलं.

"कसली परीक्षा? पाडस तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? ते तर तुमच्याकडे गेलंय!"

पाडस खोटं बोललं असेल, ही शंका दोघांच्याही मनाला शिवली नाही. "बिबट्या!" गुरुजी कसेबसे म्हणाले, आणि सगळे पाडसाला हाका मारत शोधायला धावले.

जाळीत पाडसाला जाग आली ती हाकांनी. बारकी पिल्लं रडत होती. घोरपडताई कडा चढून दरीत डोकावत होत्या. "माझंच चुकलं हो," त्या म्हणत होत्या, "अंधारात सरावाला बोलवत होते मी लेकराला." "नाही ताई, मीच विचारपूस न करता रजा देत गेलो," गुरुजी म्हणाले. पाडसाचे कान गरम झाले. 'बिबट्या मागे लागला होता' असं सांगितलं की सुटका होती. उलट कौतुकच झालं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तेवढ्यात त्याला गुरुजी स्वतःच दरीत उतरायला निघालेले दिसले. त्याला स्वतःची शिसारी आली. करवंदांनी माखलेल्या तोंडानं ते बाहेर आलं आणि मान खाली घालून म्हणालं, "बिबट्या नव्हता. मी झोपलो होतो. नेहमी इथेच झोपतो."

कुणी रागावलं नाही. गुरुजींनी छडी उगारली नाही, ताईंनी शर्यतीतून नाव काढलं नाही. उलट दोघांनी बसून सराव कमी केला, पाढेही कमी केले. एखादी थप्पड बसली असती तर बरं, असं पाडसाला वाटत राहिलं.

पुढच्याच आठवड्यात खरोखर परीक्षा आली. "ताई, उद्या परीक्षा आहे," पाडसानं सांगितलं. ताई म्हणाल्या, "जा हो, नीट लिही." सकाळी शाळेच्या वाटेवर त्यानं सहज मागे वळून पाहिलं. ते खरंच शाळेत जातंय का, हे बघायला घोरपडताई लांबून मागे येत होत्या. नजरानजर झाली तशा त्याच ओशाळल्या आणि पटकन झाडाआड झाल्या. पाडसाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

तात्पर्य : दमलात तर "दमलो" म्हणा, त्यात कसली लाज? एकाचं नाव दुसऱ्याला सांगून सुट्टी मिळते खरी, पण मग आपण खरं बोललो तरी आपल्या माणसांना खात्री करून घ्यावी लागते.