गोसाव्याचा गांजा

देवघळ संस्थानात विनापरवाना गांजा विकणाऱ्याला सहा महिने कैद होती. विकणारा काही सापडेना, म्हणून फौजदार इंगवले अंगाला राख फासून गोसावी झाले आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. समोरून सटवाजी कोष्टी येताना दिसताच ते कण्हत म्हणाले, "बच्चा, पाय चालत नाहीत. हे चार आणे घे आणि गांजा आणून दे."

गोसाव्याचा शब्द कसा मोडायचा? सटवाजीने चार आण्यांचा गांजा कुठूनसा आणून हातावर ठेवला. गोसाव्याने आशीर्वादाऐवजी बेड्या घातल्या.

कोर्टात सरकारी वकील रावसाहेब चिरमुले गरजले, "पैसे घेतले, माल दिला! ही विक्री नाही तर काय?"

एवढे गरजल्यावर त्यांना तपकिरीची आठवण झाली. त्यांनी पट्टेवाल्याला पैसे देऊन दुकानात पिटाळले. त्याने पुडी आणून दिली. रावसाहेबांनी चिमूट नाकात भरली, तोच सटवाजीने हात जोडले.

"सरकार, तपकीर इकायलाबी परवाना लागतो. ह्या पट्टेवाल्याकडं हाय का? नसंल तर त्यालाबी माझ्याशेजारी हुबा करा."

"मूर्खा!" रावसाहेब शिंकत ओरडले. "विकली ती दुकानदाराने! हा माझा माणूस. मी पाठवला म्हणून गेला!"

"मग मला कुणी पाठवलं हुतं, रावसाहेब?"

न्यायाधीशांनी रावसाहेबांची दुसरी शिंक पुरी होऊ दिली.

"सरकारी वकिलांचा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे," ते म्हणाले. "फौजदार, तुमच्या माणसाला सोडा."